डिस्क तीच, दप्तर नवं

या वेळी परभणी जिल्ह्यातून आलेली बरीचशी पत्रं एकाच विषयाची आहेत: हार्ड डिस्कची किंवा पेनड्राइव्हची फाइल सिस्टम बदलायची कशी, आणि मुळात बदलावी का. म्हणून आजचं सदर त्यालाच दिलं आहे.

प्रश्न : सेलूत माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या व्हिडिओंसाठी १ टीबीची जुनी बाहेरची हार्ड डिस्क वापरतो. तीत साडेतीनशे जीबी जागा मोकळी आहे, तरी परवा सात जीबीची फाइल टाकताना ‘या फाइल सिस्टमसाठी फाइल फार मोठी आहे’ असा संदेश आला. दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारा. पण आत सात-आठ वर्षांची लग्नं आहेत. काही न पुसता फाइल सिस्टम बदलता येते का?

उत्तर : येते. आधी हा अडथळा कशामुळे आला ते पाहू.

तुमची डिस्क फॅट ३२ या पद्धतीची असणार. ही पद्धत मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीत आणली. तीत फाइलचा आकार लिहायला ३२ बिटांचा रकाना आहे आणि त्यात ४,२९,४९,६७,२९५ याच्या पुढचा आकडा मावत नाही. म्हणजे एक फाइल जास्तीत जास्त ४ जीबीची, त्यातही एक बाइट कमीच. डिस्क अर्धी रिकामी असली तरी फरक पडत नाही. ५० एमबीपीएसने चित्रीकरण केलं तर साधारण साडेअकरा मिनिटांत ही मर्यादा गाठली जाते आणि १०० एमबीपीएसला सहा मिनिटंही लागत नाहीत. ९६ साली घरगुती संगणकावर एवढी मोठी फाइल कुणाकडे नव्हती. आज अंतरपाट धरल्यापासून शेवटच्या मंगलाष्टकापर्यंत सलग चित्रीकरण केलं की मर्यादा ओलांडते.

फाइल सिस्टम म्हणजे डिस्कवरचं दप्तर. डिस्क छोट्या-छोट्या तुकड्यांत विभागलेली असते, त्यांना क्लस्टर म्हणतात. कुठली फाइल कुठल्या क्लस्टरमध्ये आहे, तिचं नाव काय, आकार किती, ही नोंद फाइल सिस्टम ठेवते. आपल्याकडे जमिनीचा जुना वाद निघाला की १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक काढतात, त्याच्याही मागे निजामाच्या राजवटीतलं दप्तर. परभणी १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होती, १९५६ ला मुंबई राज्यात आली, १९६० ला महाराष्ट्रात. राज्य बदललं, कागदाचा नमुना बदलला, लिहिण्याची भाषा बदलली, पण गोदाकाठचं शेत जागेवरून हललं नाही. फाइल सिस्टमचं रूपांतर असंच असतं. तुमचे व्हिडिओ ज्या क्लस्टरमध्ये आहेत तिथंच राहतात. फक्त त्यांची नोंद नव्या नमुन्यात उतरवली जाते.

फॅट ३२ वरून एनटीएफएसवर जाण्याची सोय विंडोजमध्येच आहे. आज्ञेचं नाव कन्व्हर्ट. रिकाम्या जागेत ती आधी एनटीएफएसचं पूर्ण दप्तर उभं करते, प्रत्येक फाइलची नोंद तिथं चढवते आणि अगदी शेवटी डिस्कच्या पहिल्या पानावर, म्हणजे बूट सेक्टरमध्ये, ‘आजपासून ही डिस्क एनटीएफएसची’ असं लिहिते. तोवर जुनं दप्तर शाबूत असतं. काम मध्येच थांबलं तर डिस्क बहुतेक वेळा फॅट ३२ म्हणूनच उघडते. अशी जागच्या जागी बदली मोठ्या प्रमाणावरही झालेली आहे. मार्च २०१७ मध्ये ॲपलने आयओएस १०.३ हा अपडेट दिला, तेव्हा जगभरातल्या कोट्यवधी आयफोनांची फाइल सिस्टम त्या अपडेटमध्येच बदलली. मालकांना पत्ताही लागला नाही. त्याआधीच्या अपडेटमध्ये ॲपलने गुपचूप रंगीत तालीम घेतली होती: रूपांतर करून पाहायचं, जमतंय का तपासायचं आणि पुन्हा होतं तसं ठेवायचं.

कृती अशी. डिस्क लॅपटॉपला जोडा. ‘धिस पीसी’मध्ये तिचं अक्षर पाहून घ्या, समजा ई. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. पुढचं सगळं इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं आहे. आधी चेकडिस्क चालवा: सीएचकेडीएसके, जागा सोडून ई आणि कोलन, पुन्हा जागा सोडून तिरकी रेघ आणि एफ. जुन्या दप्तरात चुका असतील तर त्या इथं दुरुस्त होतात. मग कन्व्हर्ट, जागा, ई कोलन, जागा, तिरकी रेघ, एफएस कोलन एनटीएफएस. डिस्कला नाव दिलेलं असेल तर संगणक ते विचारतो. चुकीची डिस्क बदलली जाऊ नये म्हणून ही खात्री आहे. नाव मराठीत असेल तर आधीच बदलून साधं इंग्रजी करून ठेवा, कारण काळ्या खिडकीत देवनागरी टाइप करताना अडचण येते. त्यानंतर एकूण जागा, मोकळी जागा आणि रूपांतराला लागणारी जागा असे आकडे दिसतात. मोकळी जागा कमी पडली तर काम तिथंच थांबतं. तुमच्या साडेतीनशे जीबीत ती अडचण येणार नाही.

परतीची वाट मात्र नाही. एनटीएफएसवरून फॅटवर नेणारी अशी आज्ञा विंडोजमध्ये नाही, तिथं फॉरमॅटच करावं लागतं.

आता दुकानदाराच्या सल्ल्याबद्दल. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, त्याने अर्धंच सांगितलं. सगळ्या लग्नांची दुसरी प्रत तुमच्याकडे असेल तर फॉरमॅट करून फाइली परत टाकणं जास्त स्वच्छ काम आहे. प्रत नसेल तर फॉरमॅट करायचं नाही आणि कन्व्हर्टही चालवायचं नाही. जुन्या डिस्कवर एखादा खराब सेक्टर नेमका दप्तराच्या जागी निघाला तर कन्व्हर्टचा काळजीपूर्वक क्रमही कामी येत नाही. प्रत असलेल्याचा वेळ वाचावा म्हणून ही आज्ञा आहे. प्रत नसलेल्याच्या फाइली ती वाचवत नाही. म्हणून आधी दुसरी डिस्क घ्या. साडेसहाशे जीबी यूएसबी ३ वर सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने सुमारे दोन तासांत उतरतात. यूएसबी २ असेल तर रात्रभराचं काम समजा.

दोन गोष्टी परभणीकरांसाठी खास. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४४ अंशांवर जातो आणि बाहेरच्या बऱ्याच हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान ५ ते ३५ अंश दिलेलं असतं. तासन्‌तास चालणारं काम पहाटे करा, डिस्क उशीवर किंवा सतरंजीवर ठेवू नका. दुसरी गोष्ट लाइटची. छोटी डिस्क लॅपटॉपच्या यूएसबीतूनच वीज घेते, त्यामुळे बॅटरी भरलेली असली की लाइट गेली तरी चिंता नाही. मोठ्या डिस्कला वेगळा ॲडॉप्टर असतो, तिला यूपीएस हवा. नुसत्या इन्व्हर्टरवर भरवसा नको. वीज बदलताना पडणारा क्षणभराचा खंडही तिला बंद पाडू शकतो.

प्रश्न : कृषी विद्यापीठात एमएस्सी करतो. प्रयोगाच्या नोंदींच्या साठ हजारांवर छोट्या फाइली आहेत, प्रत्येकी पाच केबीच्या आसपास. लॅपटॉपवर त्या तीनशे एमबीच्या आत दिसतात, बाहेरच्या डिस्कवर मात्र सात जीबी जागा खातात. व्हायरस असेल का? (परभणी)

उत्तर : व्हायरस नाही. फोल्डरवर उजवी टिचकी मारून प्रॉपर्टीज उघडा. तिथं ‘साइज’ आणि ‘साइज ऑन डिस्क’ असे दोन आकडे दिसतील. दोन्हींमधला फरक क्लस्टरमुळे पडतो.

तुमची डिस्क एक्सफॅट असणार. ही पद्धत मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणली. ३२ जीबीपेक्षा मोठी डिस्क विंडोजने एक्सफॅट केली की क्लस्टर आपोआप १२८ केबीचा ठरतो. एका क्लस्टरमध्ये दोन फाइली राहत नाहीत, म्हणून पाच केबीची फाइलसुद्धा १२८ केबी अडवते. साठ हजारांना १२८ ने गुणा, सव्वासात जीबी होतात. एनटीएफएसवर क्लस्टर सहसा ४ केबीचा, म्हणून पाच केबीची फाइल दोन क्लस्टर घेते आणि सगळ्यांची बेरीज ४७० एमबीच्या घरात राहते. सात-आठशे बाइटांपर्यंतची अगदी चिमुकली फाइल तर एनटीएफएस क्लस्टर न घेता थेट आपल्या नोंदवहीतच लिहून टाकतं.

मोठ्या व्हिडिओंना एक्सफॅट ठीक आहे, तुमच्या कामाला एनटीएफएस. पण कन्व्हर्ट ही आज्ञा एक्सफॅटवर चालत नाही. फाइली दुसरीकडे उतरवा, डिस्क एनटीएफएस म्हणून फॉरमॅट करा आणि परत टाका. साठ हजार फाइली एकेक करून उतरवायला भलताच वेळ जातो. आधी त्यांची एक झिप फाइल बनवा, मग उतरवा.

तुमच्यासाठी एनटीएफएसचं आणखी एक कारण आहे. १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर आलेल्या या पद्धतीत ‘जर्नल’ असतं. गावात जसा फेरफार आधी गाव नमुना सहामध्ये चढतो आणि मग सात-बारावर त्याचा अंमल होतो, तसं इथं बदल करण्यापूर्वी त्याचं टिपण लिहिलं जातं. मध्येच वायर निघाली तर पुढच्या वेळी टिपण वाचून दप्तर सावरता येतं. एक्सफॅटला ही वही नाही. जर्नल दप्तर वाचवतं, एवढंच. त्या क्षणी लिहिली जात असलेली तुमची एक्सेलची शीट अर्धवट राहू शकते.

प्रश्न : ट्रॅक्टरच्या टेपसाठी ६४ जीबीचा नवा पेनड्राइव्ह आणला. टेप तो ओळखतच नाही, जुना ८ जीबीचा चालतो. आणि जुन्यातही हरिपाठ क्रमाने का लागत नाही? (गंगाखेड)

उत्तर : ट्रॅक्टरचे, जीपचे आणि घरचे स्वस्त म्युझिक सिस्टम बहुतेक फक्त फॅट ३२ वाचतात. ३२ जीबीपेक्षा मोठा पेनड्राइव्ह किंवा कार्ड आजकाल सहसा एक्सफॅट होऊन येतं. टेपला ते दप्तर वाचता येत नाही, म्हणून पेनड्राइव्ह रिकामा समजून तो सोडून देतो.

तुम्ही तो संगणकाला लावून फॉरमॅट करायला जाल तर यादीत फॅट ३२ दिसणारच नाही, कारण विंडोजच्या त्या खिडकीत ३२ जीबीपर्यंतच हा पर्याय मिळतो. मर्यादा फॅट ३२ ची नव्हे, ती पद्धत २ टीबीपर्यंत चालते. डेव्ह प्लमर या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या अभियंत्याने सांगितलं आहे की ही खिडकी आणि हा आकडा त्यानेच नव्वदच्या दशकात ठरवला होता. तात्पुरतं म्हणून केलेलं ते काम तीस वर्षं टिकलं. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोज ११ च्या चाचणी आवृत्तीत कमांडच्या वाटेने ही मर्यादा २ टीबी केली गेली. तुमच्यासाठी सोपा मार्ग हा, की नवा पेनड्राइव्ह घरच्या कामाला ठेवा आणि टेपसाठी १६ किंवा ३२ जीबीचा घ्या. चार मिनिटांचं एमपी३ गाणं चार-पाच एमबीचं धरलं तरी १६ जीबीत तीन हजारांवर गाणी बसतात.

क्रमाचं कारणही दप्तरातच आहे. साधे टेप नावांची अकारविल्हे लावत बसत नाहीत. फॅटच्या यादीत जी नोंद आधी, ते गाणं आधी. संगणकावरून एकदम शंभर फाइली ओढून टाकल्या की नोंदी कुठल्याही क्रमाने पडू शकतात. पेनड्राइव्ह रिकामा करून फॉरमॅट करा आणि अभंग ज्या क्रमाने ऐकायचे त्याच क्रमाने एकेक टाका. नावापुढे ०१, ०२ असे आकडेही घाला, म्हणजे नावावरून क्रम लावणाऱ्या टेपवरही तोच क्रम राहील.

प्रश्न : विंडोज १० चा आधार संपला म्हणून शाळेच्या जुन्या संगणकावर लिनक्स घेतलं. जुन्या डिस्कवरच्या फाइली नव्या डिस्कवर उतरवताना काही मराठी नावांच्या फाइली ‘नाव फार लांब’ म्हणून नाकारल्या जातात. विंडोजवर त्याच फाइली व्यवस्थित होत्या. (एक शिक्षिका, जिंतूर)

उत्तर : तुमची नवी डिस्क एक्स्ट ४ या लिनक्सच्या पद्धतीची आहे. विंडोज एनटीएफएसवर नावाची मर्यादा २५५ चिन्हं, एक्स्ट ४ वर २५५ बाइट. इंग्रजी नावाला दोन्ही सारखंच. मराठीचं गणित वेगळं आहे. युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि चिन्हात वेलांटी, काना, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण हे सगळं वेगळं मोजलं जातं. ‘विद्यार्थ्यांची’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो: वि, द्या, र्थ्यां, ची. डिस्कवर तो पंधरा चिन्हांचा आणि पंचेचाळीस बाइटांचा आहे. म्हणजे एक्स्ट ४ वर देवनागरीत जेमतेम ८५ चिन्हं मावतात.

शाळेच्या फाइलींची नावं कशी असतात ते तुम्हाला सांगायला नको. ‘जिल्हा परिषद प्राथमिक शाळा वार्षिक स्नेहसंमेलन २०१८ विद्यार्थ्यांची यादी आणि पालकांचे संपर्क क्रमांक’ हे नाव विंडोजला शंभर चिन्हांचं, म्हणून चालतं. लिनक्सला ते २७६ बाइटांचं आहे आणि शेवटचं टिंब-डॉक्स अजून जोडायचं आहे. उपाय एकच: जुन्या डिस्कवर नावं आखूड करा, मग उतरवा. ‘स्नेहसंमेलन २०१८ यादी’ एवढं पुरतं. शाळेचं नाव फोल्डरला द्या.

उतरवून झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलींची संख्या ताडून पाहा आणि ती जुळेपर्यंत जुनी डिस्क पुसू नका. घाई असेल तर जुनी डिस्क एनटीएफएसच राहू द्या. लिनक्स ती वाचतो आणि तिच्यावर लिहितोही. २०२१ च्या ५.१५ कर्नलपासून त्यासाठी अंगभूत ड्रायव्हर आहे.

प्रश्न : मानवतला माझं डीटीपीचं दुकान आहे. डिस्क एनटीएफएस केल्यावर जुन्या लग्नपत्रिका उघडल्या तर मजकूर इंग्रजी कचऱ्यासारखा दिसतो. रूपांतरात फाइली बिघडल्या का?

उत्तर : बहुधा नाही. फाइल सिस्टम फाइलच्या पोटात हात घालत नाही. डिस्क बदलताना तुम्ही संगणक किंवा विंडोजही नवं घेतलं असेल आणि श्रीलिपीसारख्या जुन्या सॉफ्टवेअरचे फाँट त्यात टाकायचे राहिले असतील. त्या काळी मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. फाँट नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. तेच फाँट पुन्हा टाका, पत्रिका उघडेल. पुढे वापरायचा मजकूर फाँट कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये करून घ्या.

प्रश्न : डिस्क फॅटवरून बदलत असताना मुलाने वायर काढली. आता ‘वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ असं येतं आणि प्रॉपर्टीजमध्ये फाइल सिस्टमच्या जागी ‘रॉ’ दिसतं. कन्व्हर्टही नकार देतं. काय करू? (पूर्णा)

उत्तर : सगळ्यात आधी त्या खिडकीत ‘कॅन्सल’ दाबा. रॉ म्हणजे विंडोजला त्या डिस्कवरचं दप्तर ओळखता येत नाही. फाइली अजून जागेवर असण्याची शक्यता बरीच आहे. झटपट फॉरमॅटने रिकामं दप्तर लिहिलं जातं आणि जुन्या नोंदी पुसल्या जातात. पूर्ण फॉरमॅट तर त्याहून वाईट: विंडोज व्हिस्टापासून ते प्रत्येक जागी शून्य लिहितं आणि मग कुणालाच काही परत काढता येत नाही.

डिस्कवर नवं काहीही लिहू नका, चेकडिस्कही चालवू नका. चेकडिस्कची दुरुस्ती दप्तराची असते, आणि कधी कधी ती फाइलींचे अनाथ तुकडे करून ठेवते. तेवढ्याच किंवा मोठ्या दुसऱ्या डिस्कवर आधी या डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा घ्या आणि पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतिमेवर करा. टेस्टडिस्क हे मोफत सॉफ्टवेअर जुन्या बूट सेक्टरची राखीव प्रत शोधतं. फॅट ३२ अशी प्रत सहाव्या सेक्टरमध्ये ठेवतं, एनटीएफएस अगदी शेवटच्या सेक्टरमध्ये. तुमच्या बाबतीत वायर ज्या क्षणी निघाली त्यावर दोन्हींपैकी कोणतं दप्तर पूर्ण आहे हे अवलंबून आहे, म्हणून दोन्ही तपासायला सांगा. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर घरी काहीच करू नका, ती थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. फाइली दिसू लागल्या की त्या दुसऱ्या डिस्कवर उतरवा, त्याच डिस्कवर परत लिहू नका. एवढं झाल्यावर ती डिस्क खुशाल फॉरमॅट करा. तोवर दुसरी प्रत तयार झालेली असेल आणि कन्व्हर्टची गरजच उरणार नाही.